ओसरत्या पाण्याचा वसंत : पारोळ्याच्या जलाशयांवर पक्षिनिरीक्षणाचा एक दिवस

वसंत ऋतू म्हटला की आंब्याचा मोहोर, कोकिळेचा स्वर आणि माळावर फुललेला पळस डोळ्यांपुढे उभा राहतो. पाण्याची आठवण सहसा होत नाही आणि झालीच तर ती चिंतेपोटी होते. खानदेशात फाल्गुन लागला की विहिरींचे पाणी खोल जाऊ लागते, धरणांतील शिल्लक साठ्याचे आकडे वर्तमानपत्रांत झळकू लागतात आणि तलावांच्या कडेने चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. तो पट्टा पाहून ‘तलाव आटला’ असे आपण सहज म्हणतो. पक्ष्यांना मात्र वर्षातील सर्वांत भरलेले ताट याच पट्ट्यावर वाढलेले सापडते. हे कसे घडते, ते एका दिवसात कसे पाहता येते आणि या काठाचे भवितव्य आपल्याच हाती का आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पारोळ्याचे पाणी

जळगाव जिल्ह्यातील पारोळा हे तालुक्याचे गाव धुळे आणि जळगाव यांना जोडणाऱ्या महामार्गावर वसलेले आहे. तापीची उपनदी असलेली बोरी या तालुक्यातून वाहत पुढे अमळनेरकडे जाते. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस बेताचा आणि तोही चार महिन्यांत पडून जाणारा, त्यामुळे पडलेले पाणी अडवून ठेवणे ही येथील माणसाची जुनी गरज आहे. सन १७२७ मध्ये बांधलेल्या पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याभोवती खंदक खोदला गेला, तो संरक्षणासाठी. अलीकडच्या काळात तामसवाडी येथे बोरी नदीवर धरण झाले, भोकरबारीचा मध्यम प्रकल्प झाला, गावोगावी लहान पाझर तलाव झाले. ही कामे सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी झाली.

यांपैकी एकही जलाशय पक्ष्यांसाठी बांधलेला नाही. तरीही पाणी साचले, त्यात गाळ उतरला, गाळात वनस्पती रुजल्या, कीटक व गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्या मागोमाग पक्षी आले. महाराष्ट्रातील अनेक नामांकित पाणथळ जागांचा इतिहास असाच आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा घातला गेला. त्यामागे गाळ साठत जाऊन उथळ दलदल तयार झाली. पुढे त्या जागेला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून तिचे नाव जाहीर झाले. सन १९७१ मध्ये इराणमधील रामसर या शहरी पाणथळ जागांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव पडले आहे. आपल्या जळगाव जिल्ह्यात तापीवरील हतनूर धरणाचा जलाशयही पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे क्षेत्र म्हणून गणला जातो.

अशा मोठ्या स्थळांपुढे पारोळ्याचे तलाव लहान आहेत, हे खरे. परंतु स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याचा प्रवास एका दमात होत नाही. पायी वारीला निघालेल्या माणसाला जसे मुक्काम लागतात, तसेच पक्ष्यालाही लागतात. मोठा जलाशय भरून वाहत असेल, तर त्याचा काठ खोल असतो आणि पाण्यात उतरून अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांना तेथे पाय टेकता येत नाहीत. अशा वेळी जवळचा लहान, उथळ तलाव उपयोगी पडतो. म्हणून एखाद्या तालुक्यातील पाच-सहा लहान तलाव मिळून पक्ष्यांसाठी एकच विस्तृत पाणथळ जागा ठरते.

जलाशयावरचा वसंत केव्हा येतो?

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र-वैशाखात असतो. जलाशयावर मात्र त्याची चाहूल माघ संपताना लागते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ निरीक्षणासाठी सर्वांत बोधप्रद होय. कारण या दीड महिन्यात तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात.

पहिली गोष्ट म्हणजे हिवाळी पाहुणे परतीच्या तयारीत असतात. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरातील संप्रेरकांत बदल होतो, त्याची भूक वाढते आणि त्वचेखाली चरबी साठू लागते. ही चरबी म्हणजे प्रवासाची शिदोरी. लांबचा पल्ला गाठणाऱ्या काही चिखलपक्ष्यांचे वजन निघण्यापूर्वी जवळपास दुप्पट होते. दुसरी गोष्ट, अनेक पक्ष्यांचा पिसारा पालटतो. हिवाळाभर राखी-मातकट दिसणारा गॉडविट म्हणजेच पाणटिवळा मार्चमध्ये मानेवर व छातीवर विटकरी रंग धारण करू लागतो. पिवळा धोबी खऱ्या अर्थाने पिवळा दिसतो, तो याच दिवसांत. तिसरी गोष्ट, जे पक्षी बारमाही येथेच राहतात त्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. निघणाऱ्यांची घाई आणि राहणाऱ्यांचा संसार एकाच काठावर पाहावयास मिळतो.

सकाळ : चिखलाची पंगत

भोकरबारीसारख्या जलाशयावर सूर्योदयापूर्वी पोहोचणे चांगले. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी, म्हणजे पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. आठ पट मोठे दिसणारी साधी दुर्बीण पुरेशी असते. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. पहिली दहा-पंधरा मिनिटे काहीच न करता एका जागी बसून राहावे. आपल्या येण्याने उडालेले पक्षी तेवढ्या वेळात बहुधा परततात.

प्रथम पाण्याच्या मध्यभागी पाहावे. बदके तेथे विश्रांती घेत असतात. शेपटीची दोन लांब टोकदार पिसे मिरवणारे तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, डोळ्यावर पांढरी भुवई रेखलेले भुवई बदक आणि नारिंगी अंगाचा चक्रवाक हे खानदेशातील जलाशयांवर येणारे हिवाळी पाहुणे होत. थापट्याच्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. तो पाणी चोचीत घेतो, कडांतून बाहेर सोडतो आणि आत राहिलेले सूक्ष्म जीव गिळतो. आपण चहा गाळतो, तसेच हे. चोचीजवळ लाल-पिवळा ठिपका असलेले हळदी-कुंकू बदक मात्र पाहुणे नाही, ते आपल्याकडेच राहते.

नंतर दृष्टी काठाकडे वळवावी. पाणी रोज थोडेथोडे मागे सरत असते आणि रोज नवा ओला चिखल उघडा पडत असतो. त्या चिखलात माशांच्या व डासांसारख्या कीटकांच्या अळ्या, गांडुळासारखे कृमी आणि लहान गोगलगायी दडलेल्या असतात. पावसाळ्यात हेच अन्न कित्येक फूट पाण्याखाली असते आणि चिखलपक्ष्यांना ते मिळू शकत नाही. पुढे उन्हाळा तापला की चिखल वाळून त्याला भेगा पडतात, तेव्हाही ते मिळत नाही. दोहोंच्या मधले काही आठवडेच ही पंगत मांडलेली असते.

या पंगतीला बसणाऱ्यांत भांडणे थोडी होतात, कारण प्रत्येकाची चोच आणि पायांची उंची वेगळी आहे. आखूड चोचीचा चिखल्या दोन पावले धावतो, थांबतो आणि वरवर दिसणारा किडा टिपतो. शेपटी सतत हलवणारा तुतवार अगदी पाण्याच्या रेषेवरून चालतो. छोटा टिलवा शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे भराभर चोच खुपसतो. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या गुडघाभर पाण्यात उभा राहून खातो. पाणटिवळ्याची लांब सरळ चोच चिखलात खोल जाते. चमचा हा पांढरा पक्षी आपली चपटी चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत चालतो आणि चोचीला काही लागताच ती मिटतो. म्हणून काठाचा उतार मंद असणे अत्यंत महत्त्वाचे ठरते. मंद उतारावर ओला चिखल, बोटभर पाणी, वीतभर पाणी आणि हातभर पाणी असे सर्व टप्पे एकाशेजारी एक मिळतात. काठ उभा कापलेला असेल, तर यांतील बहुतेक पक्ष्यांना तेथे काही करता येत नाही.

मध्यान्ह : पळस, तारा आणि उघड्यावरची घरटी

दहा-अकरा वाजता ऊन चढते, तापलेल्या हवेच्या लहरींमुळे दुर्बिणीतील चित्र थरथरू लागते. तेव्हा पाणी सोडून बांधाकडे व माळाकडे वळावे. फुललेल्या पळसावर किंवा काटेसावरीवर गुलाबी-काळ्या पक्ष्यांचे गोंगाट करणारे थवे दिसले, तर ते भोरड्यांचे होत. यांनाच पळसमैना म्हणतात. हा पक्षी पूर्व युरोप व मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांत वीण करतो, टोळ-नाकतोडे खातो आणि हिवाळा आपल्याकडे काढतो. परतण्याआधी पळसाच्या फुलांतील गोड रसावर तो तुटून पडतो. महामार्गाच्या कडेच्या तारांवर ओळीने बसलेल्या भिंगऱ्याही याच तयारीत असतात. पारोळ्याच्या किल्ल्याजवळ थांबलात, तर तटाच्या भेगा व बुरूजही न्याहाळावेत. जुन्या बांधकामातील फटी अनेक पक्ष्यांना आसरा देतात.

याच वेळी पायाखाली लक्ष असावे. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून, भोवती चार खडे मांडून, ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीशी इतका मिळतो की पाऊल पडेपर्यंत ती दिसत नाहीत. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस चांगला होणार, असा अंदाज शेतकरी बांधतात. त्या अंदाजाचे काहीही असो, चाळीस अंशांपुढील उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते, ही निरीक्षणाने सिद्ध झालेली गोष्ट आहे. म्हणजे तिला घरट्याजवळ पाणी असणे आवश्यक असते. नदी सुरय व आर्ली हे पक्षीही पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यांवर व बेटांवर जमिनीवरच अंडी घालतात. नदी सुरय जगभरात संकटग्रस्त गणला गेला आहे.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर आपण तिच्या अंड्यांजवळ आलो आहोत असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे. घरट्याचे छायाचित्र घेण्यासाठी थांबणे म्हणजे तितका वेळ अंडी उन्हात उघडी ठेवणे होय.

सायंकाळ : निरोपाची वेळ

चार वाजल्यानंतर तामसवाडीच्या बोरी धरणाकडे जावे. मोठ्या पाण्यावर संध्याकाळचे निरीक्षण अधिक रंगते. बगळे, पाणकावळे आणि शराटी रात्रीच्या मुक्कामासाठी रांगांनी परततात. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींवरून खालून खालून उडत जातो आणि त्याची सावली पडताच बदकांचा सगळा थवा एकदम पाण्यावरून उठतो. थवा मोजण्याची हीच संधी असते. आधी दहा पक्षी मोजून तेवढ्या समूहाचा आकार डोळ्यांत ठेवावा आणि मग संपूर्ण थव्यात असे किती समूह बसतात ते पाहावे. अचूक आकडा मिळाला नाही, तरी काही दिवसांच्या सरावाने अंदाज बराच जवळ येतो.

बदके आणि चिखलपक्षी मुख्यतः रात्री प्रवास करतात. मार्चमध्ये सूर्यास्तानंतर बदकांत दिसणारी अस्वस्थता, वारंवार उठणे, घिरट्या घालून पुन्हा उतरणे, ही त्या प्रवासाची नांदी असते. एका संध्याकाळी दोनशे बदके असतात आणि दुसऱ्या सकाळी पाणी रिकामे असते. त्यांच्यापैकी काहींना हिमालय ओलांडावयाचा असतो. तिबेट, लडाख व मंगोलियात वीण करणारा पट्टकादंब हिमालय पार करताना सुमारे सात हजार मीटर उंचीवरून उडाल्याची नोंद उपग्रहाद्वारे झालेली आहे. अशा प्रवासाचे बळ शेवटी एखाद्या तलावाच्या चिखलातूनच मिळालेले असते.

नोंदीचे मोल

पक्षी पाहून आनंद होतो, परंतु तो लिहून ठेवला नाही तर तो आपल्यापुरताच राहतो. खानदेशाला या बाबतीत मोठी परंपरा आहे. ब्रिटिश प्रशासनातील अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली होती. वन पिंगळा हे लहान घुबड त्यांनीच येथून मिळवले होते. सन १८८४ नंतर या घुबडाचा विश्वासार्ह पुरावा मिळेना. ते नामशेष झाले असावे असे मानले जाऊ लागले. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञांना ते शहादा परिसरात पुन्हा दिसले. एकशे तेरा वर्षे एक पक्षी आपल्या शेजारच्या रानात राहत होता आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता. डेव्हिडसन यांची जुनी नोंद नसती, तर त्याचा शोध कोठे घ्यावा हेही कळले नसते.

आज नोंद ठेवणे सोपे झाले आहे. तारीख, वेळ, ठिकाण, पक्ष्याचे नाव, संख्या आणि पाण्याची स्थिती एवढे वहीत लिहिले तरी पुरे. भ्रमणध्वनीवरील ‘ई-बर्ड’ या सुविधेतून तीच नोंद जगभरातील अभ्यासकांपर्यंत पोहोचते. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, फेब्रुवारीत चार दिवसांची परसबागेतील पक्षिगणना होते, तर महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याच्या आरंभी मारुती चितमपल्ली यांचा आणि अखेरीस सालिम अली यांचा जन्मदिवस येतो. सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा अहवाल सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला होता. त्यात ९४२ जातींचा आढावा घेऊन १७८ जातींना तातडीच्या संरक्षणाची गरज असल्याचे म्हटले आहे. हे निरीक्षक बहुतांशी शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी, नोकरदार असे सामान्य नागरिक होते.

काठ कोणाचा?

येथे एक कायदेशीर बाब ध्यानात घ्यावी लागते. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. परंतु त्या नियमांतील व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळलेले आहेत. म्हणजे पारोळ्याच्या ज्या काठावर आपण दिवसभर पक्षी पाहिले, तो काठ या नियमांच्या दृष्टीने पाणथळ जागाच नाही. पक्ष्यांच्या शिकारीला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, पण ज्या चिखलावर ते जगतात त्या चिखलाला असे कवच नाही.

या काठावर इतरांचाही हक्क आहे आणि तो न्याय्य आहे. शेतकऱ्याला पाणी हवे, मच्छीमाराला मासे हवेत, गुराख्याला गुरांसाठी ओली वैरण हवी. पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाळपेर करून टरबूज, काकडी किंवा भाजी घेणाऱ्या कुटुंबाचे पोट त्यावर असते. सन २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राबवली गेली. गाळ काढल्याने तलावाची साठवण वाढते आणि तो शेतात पसरल्याने जमिनीचा कस सुधारतो. अवर्षणप्रवण तालुक्यात अशा कामाला विरोध करणे हे शहाणपणाचे नाही.

प्रश्न काम करण्याच्या पद्धतीचा आहे. गाळ उन्हाळ्यात, म्हणजे नेमका टिटवी आणि सुरय यांच्या विणीच्या दिवसांत काढला जातो. यंत्राने काठालगत सरळ उभे खड्डे पाडले, तर उथळ उतार नाहीसा होतो. पुढल्या वर्षी पाणी अधिक साठलेले दिसते आणि पक्षी कमी दिसतात. यावर उपाय खर्चाचे नाहीत. तलावाची एक बाजू, शक्यतो वर्दळीपासून दूरची, मंद उताराची म्हणून राखून ठेवावी. खोदकाम मध्यभागाकडे अधिक आणि काठाकडे कमी करावे. कामास आरंभ होण्यापूर्वी उघड्या बेटांवर घरटी आहेत का, हे जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे. तुटलेली नायलॉनची जाळी पाण्यात टाकून देऊ नयेत. पाण्यालगतच्या पिकांवर विषारी फवारणी टाळावी. काठावर भटकी कुत्री येतात ती बहुधा टाकलेल्या खाद्यपदार्थांमुळे, म्हणून सहलीला येणाऱ्यांनी आपला कचरा परत न्यावा.

अशी विनंती ग्रामसभेत मांडावयाची तर केवळ ‘येथे पुष्कळ पक्षी येतात’ एवढे सांगून भागत नाही. कोणत्या बाजूला, कोणत्या महिन्यात, कोणते पक्षी, किती संख्येने दिसतात, हे तीन-चार वर्षांच्या नोंदींनिशी सांगता आले, तर त्या विनंतीला वजन येते. कायद्याने ज्या जागेला नाव दिलेले नाही, तिला ते नाव स्थानिक माणसांच्या नोंदवहीतून मिळू शकते.

वाचकहो, हे काम करण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. एखादी शाळा, एखादे युवक मंडळ किंवा एखादे कुटुंबही आपल्या जवळचा एक तलाव निवडू शकेल. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात दर पंधरवड्याला एक सकाळ त्यासाठी काढावी. बरोबर पिण्याचे पाणी, डोक्याला रुमाल, एक वही आणि मराठी नावे असलेले पक्षिपरिचयाचे पुस्तक असावे. ओल्या गाळात पाय रुततो, म्हणून लहान मुलांना काठाच्या पुढे जाऊ देऊ नये आणि धरणाच्या भिंतीवर परवानगीवाचून चढू नये. पहिल्या दिवशी दहा पक्षी ओळखता आले तरी पुष्कळ झाले. एप्रिलच्या अखेरीस पाहुणे गेलेले असतील, चिखलाला भेगा पडलेल्या असतील आणि त्या भेगांच्या कडेला टिटवी आपली चार अंडी सांभाळत बसलेली असेल. तिचीही नोंद त्या वहीत करावी.